कार्टूनमधला डॉन कुणाचा?

सुट्टीत मुलांबरोबर 'झूटोपिया' पाहत होते. डिस्नेचा 2016 सालचा कार्टून सिनेमा, माणसांऐवजी सगळे प्राणी. त्यात पोलीस झालेली ससुली जुडी आणि तिचा सोबती कोल्हा निक यांना एका मोठ्या गुंडासमोर उभे केले जाते. आधी एक पांढरे अस्वल येते. त्याच्यामागून त्याहून मोठे, मग त्याहूनही मोठे. आता खुद्द साहेब केवढा असेल, असे वाटत असतानाच शेवटच्या अस्वलाच्या पंजावरची इवलीशी खुर्ची वळते आणि तिच्यात बसलेली असते एक चिचुंद्री! अंगात काळा सूट, आवाज घोगरा आणि दबका. त्या दिवशी साहेबांच्या मुलीचे लग्न असते.

माझी नऊ वर्षांची धाकटी टाळ्या पिटत म्हणाली, "अम्मी, ये तो डॉन है!"

मी विचारले, "तुला कसे कळले?"

"डॉन लोगां ऐसेच बोलते ना!"

तिने 'द गॉडफादर' पाहिलेला नाही आणि इतक्यात मी तो पाहूही देणार नाही. नक्कल मात्र तिने लगेच ओळखली, असल पाहिलेले नसताना. वर्गात शिकवताना आम्ही म्हणतो की मूळ कविता माहीत असेल तरच तिच्या विडंबनाची मजा कळते. इथे उलटे झाले होते. विडंबनच आधी पोहोचले होते, आणि त्याच्याबरोबर 'डॉन असाच असतो' ही समजूतही. ही समजूत आली कुठून, आणि तिची किंमत कुणी मोजली, हे शोधताना जे हाती लागले ते इथे मांडते आहे.

सुरुवात अमेरिकेत, 1930 च्या दशकात. दारूबंदीचे दिवस, शिकागोत अल कपोनचे राज्य, वर्तमानपत्रांत रोज गोळीबाराच्या बातम्या. वॉर्नर ब्रदर्स या कंपनीने 1931 मध्ये 'लिट्ल सीझर' आणि 'द पब्लिक एनिमी' हे दोन सिनेमे आणले आणि गुंडपटांची लाट सुरू झाली. 'लिट्ल सीझर'चा नायक रिको हा इटालियन गुंड. तो साकारला एडवर्ड जी. रॉबिन्सन यांनी. हे रॉबिन्सन रोमानियातल्या बुखारेस्टमध्ये जन्मलेले ज्यू. पडद्यावर दात चावत बोलणारा हा माणूस खऱ्या आयुष्यात चित्रांचा नामवंत संग्राहक होता. म्हणजे पडद्यावरचा पहिला गाजलेला 'इटालियन' गुंड इटालियन नव्हताच.

याच वॉर्नर ब्रदर्सचा कार्टून विभागही होता, बग्ज बनीवाला. कंपनीचे गंभीर सिनेमे एका इमारतीत तयार व्हायचे आणि त्यांची टर दुसऱ्या इमारतीत उडवली जायची. 1939 मध्ये टेक्स एव्हरी यांनी 'थग्ज विथ डर्टी मग्ज' हे छोटे कार्टून केले. त्यातला कुत्रेवजा गुंड 'किलर' रॉबिन्सनसारखा बोलतो. तो फर्स्ट नॅशनल बँक लुटतो, मग सेकंड, मग थर्ड, अशी ओळीने. तेरावी तेवढी सोडतो, कारण तेरा हा आकडा अशुभ! मधेच थिएटरमधल्या एका प्रेक्षकाची सावली पडद्यावर उठते. किलर त्याला दरडावून खाली बसवतो. शेवटी तोच प्रेक्षक पोलिसांना खबर देतो, कारण त्याने हा सिनेमा आधीही पाहिलेला असतो. किलर पकडला जातो आणि त्याला फळ्यासमोर उभे करून शाळकरी पोरासारखे लिहायला लावतात. शिक्षिका म्हणून मला हा शेवट फार आवडतो. एवढा मोठा दरोडेखोर, आणि शिक्षा आमच्या पाचवीच्या वर्गातली.

पुढे 1946 मध्ये फ्रिझ फ्रेलेंग यांनी 'रॅकेटिअर रॅबिट'मध्ये बग्ज बनीला गुंडांच्या अड्ड्यावर पाठवले. तिथला म्होरक्या रॉकी हा पुन्हा रॉबिन्सनची नक्कल. लुटीची वाटणी चालू असताना बग्ज बनी वेगवेगळी सोंगे घेऊन प्रत्येक वेळी नवा वाटा उचलतो. पुढच्या कार्टूनांत रॉकी आणखी बुटका झाला. डोक्यावर भलीमोठी हॅट, तिच्याखाली जेमतेम दिसणारा माणूस, आणि सोबत मग्झी नावाचा धिप्पाड, मठ्ठ शागीर्द.

या जुन्या कार्टूनांकडे आज पाहिले की विनोद कुणावर आहे ते स्वच्छ दिसते. तो एका नटाच्या लकबीवर आहे, सिनेमाच्या ठरावीक साच्यावर आहे. रॉकी कुठल्या देशातून आला, त्याची आई कुठली भाषा बोलते, याच्याशी त्या कार्टूनाला काही देणेघेणे नाही. विडंबन डॉनला तीन प्रकारे खाली उतरवते. त्याचा आकार लहान करते, त्याला घरगुती अडचणीत टाकते, आणि त्याच्या धमकीचा शब्दशः अर्थ घेते. 'रॅकेटिअर रॅबिट'मध्ये गुंडांच्या बोलीतला 'आता पडदा' हा मरणाचा इशारा दिला जातो आणि समोर खरोखरच खिडकीचे पडदे टांगले जातात. ज्या माणसाची सगळी ताकद दुसऱ्याच्या भीतीत असते, त्याला हसणे हे मोठे शस्त्र आहे. इथपर्यंत विडंबनाबद्दल माझी काहीच तक्रार नाही.

पण या काळात खरे इटालियन कसे जगत होते? 1880 ते 1920 या काळात सुमारे 40 लाख इटालियन अमेरिकेत आले. बहुतेक दक्षिणेकडचे आणि सिसिलीचे, शेतमजूर, गवंडी, हमाल. 1890 मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या पोलीसप्रमुखाचा खून झाला आणि संशय थेट इटालियन वस्तीवर गेला. खटला चालला. 13 मार्च 1891 रोजी जो निकाल लागला त्यात एकालाही दोषी ठरवले गेले नाही. दुसऱ्या दिवशी जमावाने तुरुंग फोडला आणि 11 इटालियनांना ठार केले. 'माफिया' हा शब्द अमेरिकी वर्तमानपत्रांत घरोघरी पोहोचला तो या प्रकरणातून. न्यू ऑर्लिन्सच्या महापौरांनी या हत्याकांडाबद्दल अधिकृत माफी मागितली ती 2019 मध्ये, म्हणजे तब्बल 128 वर्षांनी.

हे लक्षात घेतले की पुढच्या तक्रारी रडगाणे वाटत नाहीत. 1959 मध्ये 'द अनटचेबल्स' ही टीव्ही मालिका सुरू झाली. दर आठवड्याला इटालियन नावाचा गुंड आणि त्याला पकडणारा अधिकारी. इटालियन संघटना चिडल्या. 1961 मध्ये न्यूयॉर्कच्या गोदी कामगारांनी मालिकेच्या जाहिरातदार सिगारेट कंपनीचा माल उतरवायला नकार दिला. कंपनीने अंग काढून घेतले आणि काल्पनिक गुंडांना इटालियन नावे देणार नाही, असे निर्मात्यांना कबूल करावे लागले. 1963 मध्ये बग्ज बनीने या मालिकेचेही विडंबन केले. त्यात तो अधिकारी आणि समोर तेच जुने रॉकी-मग्झी. म्हणजे खऱ्या मालिकेवर लोक रस्त्यावर उतरले होते, पण तिच्या कार्टूनमध्ये गुंडाला इटालियन नाव देण्याची गरज पडली नव्हती.

मग आला 1972 सालचा 'द गॉडफादर'. इथे एक प्रसंग असा घडला की तो कुणी कादंबरीत लिहिला असता तर खरा वाटला नसता. 1970 मध्ये न्यूयॉर्कमध्ये इटालियन-अमेरिकन सिव्हिल राइट्स लीग स्थापन झाली. 'आमच्या समाजाची बदनामी थांबवा' ही तिची मागणी. तिने मोठे मेळावे भरवले, एफबीआयच्या कार्यालयासमोर निदर्शने केली. 'गॉडफादर'चे निर्माते अल रडी यांनी लीगशी बोलणी करून पटकथेतून 'माफिया' हा शब्द काढून टाकला. आणि या लीगचा संस्थापक कोण होता? जो कोलंबो, न्यूयॉर्कच्या पाच माफिया घराण्यांपैकी एकाचा म्होरक्या! 28 जून 1971 रोजी लीगच्याच मेळाव्यात त्याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या.

हा प्रसंग मला अनेक दिवस सोडत नाही. बदनामीची तक्रार खरी होती. 1891 चे 11 मृतदेह खरे होते. मेळाव्याला आलेले हजारो साधे लोक, न्हावी, पाववाले, शिक्षक, हेही खरेच होते. पण त्यांच्या इज्जतीचा झेंडा ज्याच्या हातात गेला, त्याच्यामुळेच त्यांच्या वस्तीवर संशय येत होता. समाजाच्या दुखऱ्या नसेवर बोट ठेवून पुढारी होणारे लोक प्रत्येक समाजात असतात. आपल्याकडेही आहेत. आपल्या वतीने बोलणाऱ्याचा हिशेब आधी आपणच मागायला हवा, हे मी त्या घटनेतून शिकले.

आता त्या आवाजाकडे येऊ. मार्लन ब्रँडो यांनी डॉन व्हिटो कॉर्लिओनी साकारला. ब्रँडोही इटालियन नव्हते. अमेरिकेच्या मध्यभागातल्या नेब्रास्का राज्यात ते जन्मले. पडदा-चाचणीच्या वेळी त्यांनी गालांत कापूस कोंबला होता आणि चित्रीकरणासाठी दंतवैद्याकडून खास कवळीसारखी पट्टी बनवून घेतली. त्यातून तो घोगरा, जड जिभेचा आवाज निघाला. मूळ कादंबरी लिहिणारे मारियो पुझो इटालियन होते खरे, पण कादंबरी लिहिण्याआधी आपण कुणा खऱ्या गुंडाला भेटलोच नव्हतो, असे त्यांनी स्वतः सांगून ठेवले आहे. म्हणजे सगळा डोलारा ऐकीव माहिती, कल्पना आणि तोंडातली पट्टी यांवर उभा! पण दिग्दर्शक कोपोला यांच्या हातून सिनेमा इतका ताकदीचा झाला की सगळ्या जगाने त्या आवाजाला इटालियन डॉनचा खरा आवाज मानले.

यानंतर कार्टूनमधला डॉन बदलला. रॉबिन्सनची नक्कल मागे पडली आणि ब्रँडोची सुरू झाली. 1990 मध्ये मार्टिन स्कॉर्सेसी यांचा 'गुडफेलाज' आला. 1993 मध्ये 'अ‍ॅनिमेनिअ‍ॅक्स' या कार्टून मालिकेने त्यावरून 'गुडफेदर्स' ही तीन कबुतरांची टोळी काढली. हे तिघे न्यूयॉर्कमध्ये खुद्द स्कॉर्सेसींच्या पुतळ्यावर बसून पावाच्या तुकड्यांसाठी भांडतात. त्यातला पेस्टो साध्या कौतुकाचाही अपमान समजून पिसाळतो, जसा मूळ सिनेमात जो पेशी यांचा गुंड पिसाळतो. त्यांचा म्होरक्या 'गॉडपिजन' ब्रँडोसारखा इतका पुटपुटतो की एका कबुतराला दुभाषा व्हावे लागते. या गॉडपिजनला आवाज दिला होता मॉरिस लामार्श यांनी. आणि 23 वर्षांनी 'झूटोपिया'च्या चिचुंद्रीला आवाज कुणी दिला? त्याच लामार्श यांनी! माझ्या लेकीने ज्या आवाजावरून डॉन ओळखला तो असा नकलेची नक्कल होता. कॅनडात जन्मलेल्या कलाकाराने नेब्रास्काच्या नटाची केलेली.

दरम्यान 'द सिम्पसन्स'मध्ये 10 ऑक्टोबर 1991 रोजी फॅट टोनी हा गुंड अवतरला. त्याला आवाज दिला जो मँटेन्या यांनी, जे आदल्याच वर्षी 'गॉडफादर'च्या तिसऱ्या भागात गुंड जोई झाझा झाले होते. दहा वर्षांचा बार्ट घसरत फॅट टोनीच्या क्लबात पोहोचतो आणि तिथे दारू मिसळायच्या कामाला लागतो. चोरीच्या सिगारेटींचे खोके त्याच्या खोलीत येऊन पडतात. अचानक शाळेचे मुख्याध्यापक गायब होतात आणि खुनाचा आळ या पोरावर येतो. शेवटी कळते की मुख्याध्यापक आपल्याच गॅरेजमध्ये जुन्या वर्तमानपत्रांच्या ढिगाखाली अडकले होते! या भागाचा डंख खोल आहे. 'गुडफेलाज'मध्ये गुंडांकडे ओढला गेलेला पोरगा आपल्याला भुरळ घालतो. इथे तोच मोह दहा वर्षांच्या मुलावर ठेवला की त्यातला मूर्खपणा उघडा पडतो. पण फॅट टोनीचे नाव, हेल, खाणेपिणे मात्र इटालियनच राहिले. डॉनचा रुबाब गेला, शिक्का तसाच राहिला.

याचा सगळ्यात लखलखीत पुरावा म्हणजे 2004 चा 'शार्क टेल'. समुद्रातली माफिया, शार्क माशांची. म्होरक्या डॉन लिनो याला रॉबर्ट डी नीरो यांचा आवाज, फुगणाऱ्या सायक्स माशाला खुद्द स्कॉर्सेसींचा. डॉनचे दुःख काय, तर धाकटा मुलगा लेनी शाकाहारी निघाला! विनोद चांगला आहे. पण सिनेमा यायच्या आधीच इटालियन-अमेरिकन संघटनांनी हरकत घेतली की लहान मुलांच्या सिनेमात तरी आमची नावे, आमचे हेल गुंडांना देऊ नका. मोठी माणसे सिनेमा आणि वास्तव वेगळे करतात, चार वर्षांच्या मुलाने ते कसे करावे? निर्मात्यांनी यावर काय केले? डॉन ब्रिझी नावाच्या पात्राचे नाव बदलून डॉन फाइनबर्ग केले. फाइनबर्ग हे ज्यू आडनाव! एका समाजाची तक्रार मिटवायला शिक्का उचलला आणि दुसऱ्याच्या कपाळावर मारला.

आपल्या पडद्यावर हे सगळे ओळखीचे वाटते. जुन्या हिंदी सिनेमात खलनायकाच्या टोळीत रॉबर्ट आणि मायकल हमखास असायचे. मुलांच्या आवडत्या 'मोटू पतलू' या कार्टूनमध्ये डॉन व्हायची स्वप्ने पाहणारा आणि दर भागात फजिती होणारा गुंड आहे, त्याचे नाव जॉन. फजिती त्याची झकास होते, पण नाव पाहा. आणि अलीकडच्या हिंदी सिनेमातला डॉन कसा दिसतो ते माझ्या वाचकांना सांगायला नको. 1990 च्या 'अग्निपथ'मध्ये नसलेला, मुलींचा व्यापार करणारा रौफ लाला 2012 च्या 'अग्निपथ'मध्ये नव्याने घातला गेला. मुंबईच्या गुन्हेगारी जगात हाजी मस्तान, करीम लाला, दाऊद होते, हे मी नाकारत नाही. त्याच जगात वरदराजन होता, छोटा राजन होता, अरुण गवळीही होता.

मग प्रश्न येतो. 'सत्या'तला भिकू म्हात्रे मराठी, 'वास्तव'मधला रघू मराठी. दोघेही गाजले. म्हणून मुंबईत भाड्याने घर शोधणाऱ्या मराठी माणसाला कुणी 'तुम्ही म्हात्रेंपैकी का?' असे विचारले नाही. कारण भिकूच्या शेजारी पडद्यावर मराठी डॉक्टर, शिक्षक, हवालदार, आई, शाहीर, छत्रपती अशी शेकडो चित्रे असतात. एक चित्र बिघडले तरी भिंत भरलेली राहते. आमच्या भिंतीवर चित्रेच मोजकी, म्हणून प्रत्येक चित्राचे ओझे आमच्या मुलांच्या खांद्यावर येते.

इटालियनांचेही हेच झाले. ला गार्डिया 1934 मध्ये न्यूयॉर्कचे महापौर झाले, मारियो कुओमो 1983 मध्ये त्या राज्याचे गव्हर्नर, अँटोनिन स्कालिया 1986 मध्ये सर्वोच्च न्यायालयात, नॅन्सी पेलोसी 2007 मध्ये सभागृहाच्या सभापती. भिंत भरत गेली. आज बरेच इटालियन-अमेरिकन फॅट टोनीवर मनापासून हसू शकतात ते यामुळे. निषेधाने एखादे नाव बदलते आणि कधीकधी निषेध करावाच लागतो. पण ब्रिझीचा फाइनबर्ग होतो, त्यात कुणाचेच भले नसते. भिंत भरते ती तालमीने, कामाने, आणि आपल्या गोष्टी आपण लिहिल्याने.

गेल्या स्नेहसंमेलनात आमच्या आठवीच्या मुलांनी एक विनोदी नाटुकले बसवले. सगळी आमचीच, मुसलमान घरांतली मुले. तालमीला गेले तर डॉन झालेल्या मुलाच्या डोळ्यांत सुरमा, गळ्यात चौकड्यांचा रुमाल, डोक्यावर जाळीची टोपी. मी विचारले, "बेटा, हा असा का?" तो सहज म्हणाला, "आपा, डॉन ऐसाच रहता ना." आमच्याच मुलाने, आमच्याच वालिदांच्या टोपीत.

मी रागावले नाही. त्यांना किलरची गोष्ट सांगितली, तेरावी बँक सोडणारा आणि फळ्यावर लिहिणारा. मग मुलांनीच डॉनची टोपी आणि सुरमा काढला. त्याला ढगळ कोट दिला आणि एक अम्मी दिली, जी ऐन खंडणीच्या वेळी त्याला फोन करून येताना कोथिंबीर आणायला सांगते. डॉन सगळ्यांसमोर दबक्या, घोगऱ्या आवाजात विचारतो, "कितने की लाऊँ?" सभागृहात हशा थांबत नव्हता. टोपी नसल्याने विनोद कुठेच कमी पडला नाही.

यंदाच्या तालमी पुढच्या महिन्यात सुरू होतील. मुले म्हणतात, पुन्हा डॉनच करू. मी म्हटले, करा. पण यंदा त्याला पकडणारी फौजदारही आपल्याच वर्गातली हवी. तीन मुलींनी हात वर केले आहेत.